पावसाळ्यातली खोली आणि हवेतली बुरशी

मे महिन्यात रंग दिलेल्या भिंतीवर श्रावणापर्यंत काळे ठिपके का उठतात? घर रोज झाडून-पुसून लख्ख ठेवले, तरी कपाट उघडताच कुबट वास का येतो? हे प्रश्न गिरगावातल्या लाकडी जिन्याच्या चाळीत विचारले जातात आणि लालबाग-परळच्या नव्या टॉवरमधल्या बाविसाव्या मजल्यावरही. दोन्ही घरांत येणारी हवा त्याच समुद्रावरची असते, बुरशीही बहुतेक त्याच जातींची असते. ती वाढण्याची कारणे मात्र वेगवेगळी असतात. ती समजून घ्यायची तर बुरशी घरात कशी येते, भिंतीवर कशी रुजते आणि तिथून पुन्हा हवेत कशी जाते, हा फेरा क्रमाने पाहावा लागतो.

१. बीजाणू किती लहान असतात?

बुरशीला बी नसते. तिचा प्रसार बीजाणूंनी होतो. भिंतीवर दिसणारा काळा किंवा हिरवट डाग म्हणजे बारीक तंतूंचे जाळे आणि त्या तंतूंतून उभ्या राहिलेल्या देठांवर तयार झालेले लाखो बीजाणू. तंतू भिंतीत, लाकडात, कापडात शिरून अन्न शोषतात आणि बीजाणू हवेवर स्वार होऊन नवी जागा गाठतात.

भारतातल्या घरांच्या हवेत नेहमी आढळणाऱ्या बुरशी म्हणजे ॲस्परजिलस, पेनिसिलियम, क्लॅडोस्पोरियम, अल्टरनेरिया, कर्व्ह्युलारिया आणि रायझोपस. पैकी ॲस्परजिलस आणि पेनिसिलियमचे बीजाणू सुमारे २ ते ५ मायक्रॉनचे असतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. अल्टरनेरियाचे बीजाणू त्या मानाने बरेच मोठे, २० मायक्रॉनच्या पुढचे असतात.

आकारातल्या या फरकाला फार महत्त्व आहे. अगदी स्थिर हवेत ३ मायक्रॉनचा कण तासाला जेमतेम एक मीटर खाली येतो. म्हणजे तीन मीटर उंच छताजवळ सुटलेला ॲस्परजिलसचा बीजाणू जमिनीवर टेकायला तीन तास घेतो, आणि पंखा चालू असेल तर तो बराच काळ खाली बसतच नाही. ३० मायक्रॉनचा बीजाणू हेच अंतर दोनेक मिनिटांत पार करतो. म्हणून घरातल्या हवेत बारीक बीजाणू जास्त काळ राहतात, मोठे लवकर फरशीवर जमतात आणि केर काढताना पुन्हा उठतात.

बाहेरच्या हवेत बीजाणू बाराही महिने असतात. कुजणारा पाला, ओली माती, दादरच्या फूलबाजारात आणि भाजीबाजारात दिवसअखेर साचणारा ओला कचरा, उद्यानातली झाडे या सगळ्यांतून ते सुटत असतात आणि खिडकी, दार, कपडे, चपला यांच्याबरोबर घरात येतात. त्यांना पूर्णपणे बाहेर ठेवणे कोणत्याही राहत्या घराला शक्य नाही. घरात आलेला बीजाणू रुजणार की धुळीत पडून राहणार, हे तिथले पाणी ठरवते. या प्रकरणातला बाकीचा सगळा मजकूर मुख्यतः या पाण्याबद्दल आहे.

२. असलेले पाणी आणि मिळणारे पाणी

एप्रिल-मे महिन्यांत लालबागच्या मसाला बाजारात मिरच्या घ्यायच्या, त्या कडक उन्हात खडखडीत वाळवायच्या आणि डंकावर कुटून घ्यायच्या, ही मुंबईतल्या मराठी घरांची जुनी रीत आहे. पावसाळ्याची बेगमी म्हणून पापड, कुरडया, सांडगेही याच दिवसांत होतात. या सगळ्यामागे एकच हेतू असतो, बुरशीला लागणारे पाणी पदार्थातून काढून टाकणे. अर्धवट वाळलेल्या मिरचीवर ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचे यकृताला घातक विष तयार करते.

लोणच्यात मात्र भरपूर पाणी असते आणि तरी ते वर्षभर टिकते. पाणी असणे वेगळे आणि ते बुरशीला मिळणे वेगळे. पगार हातात आला तरी हप्त्यांत अडकलेली रक्कम खर्चाला मिळत नाही, तसे मिठाने धरून ठेवलेले पाणी बुरशीला वापरता येत नाही. बुरशीला प्रत्यक्ष मिळू शकणाऱ्या पाण्याच्या या मापाला शास्त्रात जलक्रियता म्हणतात. शुद्ध पाण्याची जलक्रियता १ असते, पूर्ण कोरड्या वस्तूची ०.

एखादी वस्तू बराच काळ एकाच हवेत राहिली की तिची जलक्रियता त्या हवेच्या सापेक्ष आर्द्रतेइतकी होते. ८० टक्के आर्द्रतेच्या हवेत महिनाभर राहिलेले पुस्तक, चामड्याचा पट्टा किंवा प्लायवूड यांची जलक्रियता ०.८० च्या आसपास येते. पापड सादळतो तोही याच नियमाने. एवढे पाणी ॲस्परजिलस आणि पेनिसिलियमच्या कित्येक जातींना पुरते. काही काटक जाती ०.७५ किंवा त्याहूनही थोड्या कमी पाण्यावर हळूहळू वाढतात. याउलट स्टॅकीबॉट्रिस ही काळी, चिकट बुरशी ०.९४ च्या खाली फारशी वाढत नाही. ती दिसली तर ती जागा केवळ दमट नाही, तिथे प्रत्यक्ष पाणी मुरते आहे असे समजायला हरकत नाही.

या मोजमापासाठी स्वयंपाकघरात एक साधन आधीच असते. शुद्ध मीठ ७५ टक्के आर्द्रतेला हवेतले पाणी ओढून विरघळू लागते. जाड्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असल्याने त्याला त्याआधीच पाणी सुटते. मिठाच्या बरणीत पाणी दिसू लागले, म्हणजे त्या घरातली हवा बुरशीच्या उंबरठ्याशी आली आहे. हा अंदाज ढोबळ असला तरी उपयोगी आहे, आणि त्याला खर्च काहीच नाही.

तापमानाबद्दल मुंबईपुरते थोडक्यात सांगता येते. घरातल्या बहुतेक बुरशींना २० ते ३० अंश सेल्सिअस तापमान मानवते आणि मुंबईतली घरे जवळजवळ वर्षभर त्याच्या आसपास असतात. थंड प्रदेशांत हिवाळा बुरशीला थोडी खीळ घालतो. तशी खीळ इथे नाही. इथे बुरशीच्या आड येणारी गोष्ट एकच, ती म्हणजे कोरडेपणा, आणि पावसाळ्याचे चार महिने तोही नसतो.

३. आर्द्रतेचे साधे गणित

हवा जितकी उष्ण, तितके जास्त बाष्प ती धरू शकते. एक घनमीटर हवेत २४ अंशाला जास्तीत जास्त सुमारे २२ ग्रॅम बाष्प मावते, २७ अंशाला २६ ग्रॅम, २९ अंशाला २९ ग्रॅम आणि ३३ अंशाला ३५ ते ३६ ग्रॅम. प्रत्यक्षात असलेले बाष्प जास्तीत जास्त मावणाऱ्या बाष्पाच्या किती टक्के आहे, तो आकडा म्हणजे सापेक्ष आर्द्रता.

जुलैमधला एखादा कुंद दिवस घेऊ. बाहेर २७ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता आहे. म्हणजे घनमीटरमागे सुमारे २३ ग्रॅम बाष्प. हीच हवा खिडकीतून आत आली आणि माणसे, दिवे, शेगडी यांच्या उबेने २९ अंशांवर गेली, तर बाष्प तेवढेच राहते पण आर्द्रता ८० टक्क्यांवर येते. फक्त दोन अंशांनी दहा टक्क्यांचा फरक पडला. कपाटात कमी शक्तीचा जुन्या धाटणीचा दिवा लावून ठेवण्याची युक्ती याच गणितावर चालते. आतली हवा ३३ अंशांपर्यंत तापली की तेच २३ ग्रॅम बाष्प ६५ टक्क्यांवर उतरते आणि बुरशीची वाढ थांबते. एलईडी दिवा पुरेसा तापत नाही, म्हणून त्याने हे काम होत नाही.

आता उलटे पाहू. याच हवेला २५ अंशांपर्यंत थंड झालेली भिंत लागली, तर त्या भिंतीलगत आर्द्रता १०० टक्के होते आणि दव पडू लागते. हा त्या हवेचा दवबिंदू. बुरशीला दवाचीही वाट पाहावी लागत नाही, भिंतीलगत ८० टक्के आर्द्रता टिकून राहिली तरी पुरते. म्हणून खोलीच्या मध्यावर टांगलेला आर्द्रतामापक ७० दाखवत असताना कपाटामागच्या, वारा न पोहोचणाऱ्या थंड कोपऱ्यात बुरशी वाढू शकते.

४. खोलीत तयार होणारे पाणी

बाहेरच्या दमटपणाचा दोष पावसावर टाकता येतो. खोलीतल्या बाष्पाचा मोठा भाग मात्र राहणारी माणसेच तयार करतात, आणि लहान खोलीत त्याचा परिणाम फार होतो.

१९२० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे ज्या चाळी बांधल्या, त्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची, म्हणजे सुमारे १५ चौरस मीटरची. उंची तीन मीटर धरली तर आत ४५ घनमीटर हवा. २८ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला या हवेत आधीच जवळजवळ एक किलो बाष्प असते. संपृक्त व्हायला आणखी पाव किलोही लागत नाही. झोपलेला माणूस श्वास आणि घामावाटे तासाला साधारण ४० ग्रॅम बाष्प सोडतो. पाच माणसे खिडकी-दार बंद करून झोपली, तर सव्वा तासात हवेत आणखी बाष्पाला जागा उरत नाही. प्रत्यक्षात गाद्या, कपडे आणि भिंती त्यातले बरेच पाणी पितात, म्हणून भिंतींना घाम फुटलेला दिसत नाही. पण ते पाणी जाते तिथेच, म्हणजे बुरशीच्या अन्नात.

गॅसचे ज्वलन हाही पाण्याचा मोठा स्रोत आहे. एक किलो एलपीजी जळली की सुमारे १.६ किलो पाणी तयार होते. १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरमागे ही वाफ जवळपास २२ ते २३ लिटर पाण्याइतकी भरते. सिलिंडर महिनाभर पुरत असेल तर रोजचे पाऊण लिटर. भाताची, आमटीची, आंघोळीच्या पाण्याची वाफ त्याहून वेगळी. हाताने पिळलेल्या कपड्यांत त्यांच्या कोरड्या वजनाच्या निम्म्याहून अधिक पाणी उरते आणि पावसाची झड लागली की ते कपडे खोलीतल्याच वलणीवर वाळतात. खोलीतली मोरी दिवसभर ओली असते. या सगळ्याची बेरीज केली की पाच जणांच्या कुटुंबाच्या खोलीत रोज कित्येक लिटर पाणी हवेत मिसळते, हे लक्षात येते.

गिरणगावातल्या कामगारांची स्थिती याहून कठीण होती. सूत तुटू नये म्हणून कापड गिरण्यांच्या सूतखात्यात हवा मुद्दाम दमट ठेवली जाई. कापसाचे तंतू तरंगणाऱ्या त्या दमट हवेतून पाळी संपवून कामगार बाहेर पडे तो दहा-बारा जणांनी भरलेल्या खोलीत येण्यासाठी. गिरणगावातल्या छातीच्या विकारांचा इतिहास लिहिताना गिरणीबरोबर या खोल्यांची हवाही जमेस धरायला हवी.

५. भिंत काय पिते?

भिंतीत पाणी चार वाटांनी येते. गच्ची, छप्पर किंवा भेगांतून पाऊस झिरपतो. मोरी, संडास आणि सांडपाण्याच्या नळांतून गळती होते. जमिनीतली ओल विटांच्या सूक्ष्म पोकळ्यांतून वर चढते. आणि हवेतले बाष्प पृष्ठभागावर जमते. हिंदमाता परिसरासारख्या सखल भागात तळमजल्याच्या भिंती पावसाळ्यात पाण्यातच उभ्या राहतात आणि तिसरी वाट तिथे सगळ्यांत जोरात चालते. कुलाब्याच्या वेधशाळेत जून ते सप्टेंबर या काळात सरासरी दोन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस मोजला जातो. एवढ्या पावसापुढे भिंतीतली एक भेगही पुरेशी होते.

गिरगावच्या जुन्या इमारतींत, खोताच्या वाडीतल्या घरांत भिंतींना चुन्याचा गिलावा असे. चुना पाणी पितो, पण तितक्याच सहज सोडतोही. शिवाय ताजा चुना इतका अल्कधर्मी असतो की त्यावर बुरशी तग धरत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून काही काळाने हा गुण कमी होतो, म्हणूनच दरवर्षी दिलेल्या चुन्याच्या सफेदीला केवळ दिसण्यापलीकडचा अर्थ होता. अशा भिंतीवर नंतर सिमेंटचा गिलावा आणि ऑइल पेंटचा थर चढवला की आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. रंगाला फुगे येतात, पोपडे निघतात आणि त्या पोपड्यांमागे बुरशीला ओल व अन्न दोन्ही मिळते. जुन्या भिंतीवर असा पाणी न सोडणारा रंग चढवणे हा दुरुस्तीच्या नावाखाली सर्रास होणारा अपाय आहे.

समुद्राकाठच्या भिंतींत मीठही असते, वाऱ्यातून आलेले किंवा वाळूतून आलेले. बरणीतल्या मिठाचा नियम भिंतीतल्या मिठालाही लागू आहे. त्यामुळे गळती बंद केल्यावरही असा भाग पावसाळ्यात पुन्हा ओलसर होतो. तिथला खारावलेला गिलावा काढून टाकणे हाच उपाय.

अन्न म्हणून बुरशीला फार थोडे लागते. विटेत किंवा काचेत तिला पोषण नसते, पण त्यावरच्या धुळीत असते. कागद, प्लायवूड, जिप्सम बोर्डाचे कागदी आवरण, कापूस, चामडे आणि खळ लावलेली पुस्तकबांधणी तिला विशेष मानवते. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थांपुढे जुनी पुस्तके सांभाळण्याचे जे आव्हान असते, ते याच खळीचे आणि याच हवेचे.

६. वारा, उजेड आणि प्लेगनंतरची मुंबई

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीची, अंधारी, कोंदट घरे हे त्याचे मूळ आहे, असे तेव्हा मानले गेले. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली आणि शहराच्या पोटात हवा खेळवण्याचे काम सुरू झाले. समुद्रावरचा वारा दाट वस्तीत शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट, आजचा शामलदास गांधी मार्ग, पश्चिमेकडून आत काढला गेला. दादर-माटुंग्याच्या मोकळ्या आखणीच्या वसाहती याच ट्रस्टच्या योजनेतून उभ्या राहिल्या. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे नंतर सिद्ध झाले, म्हणजे निदान चुकले होते. पण ओल आणि बुरशीच्या दृष्टीने उपचार अचूक होता.

ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईतल्या घरांतला उजेड आणि हवा या विषयावर व्याख्यान दिले. ट्रस्टचा साडेत्रेसष्ट अंशांचा नियम याच विचारातला होता. खोलीच्या खिडकीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे काढलेली रेषा जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांहून मोठा कोन करता कामा नये. हिशेब सोपा आहे. या कोनात उंची अंतराच्या दुप्पट भरते, म्हणून १२ मीटर उंच इमारतीसमोर किमान ६ मीटर मोकळी जागा हवी. आज उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासात मोकळ्या जागेच्या नियमांना सवलती मिळतात आणि दोन उंच इमारतींमध्ये अरुंद, ऊन न पोहोचणारी बोळ उरते. त्या बोळीकडे उघडणारी न्हाणीघरे वाळायला फार वेळ लागतो. शंभर वर्षांपूर्वी या शहराने स्वतःसाठी आखलेला नियम इतक्या सहज सोडून देणे खेदाचे आहे.

वाऱ्याचे काम दुहेरी असते. तो आतले जादा बाष्प बाहेर नेतो आणि पृष्ठभागालगतची ओली हवा हलवून भिंत वाळवतो. त्यासाठी त्याला शिरायला आणि निघायला अशा दोन वाटा लागतात. गिरगावच्या चाळीतल्या खोलीला एकीकडे गॅलरी, दुसरीकडे खिडकी आणि दारावर जाळीचा झरोका असे. दुपारी चौपाटीवरून सुटणारा वारा आरपार जाई. बीडीडी चाळीत मधल्या बोळाच्या दोन्ही बाजूंना खोल्या असल्याने तो आरपार जाऊ शकत नाही. गॅलऱ्या सरकत्या काचांनी बंद झाल्यावर गिरगावच्या कित्येक खोल्यांचीही तीच स्थिती झाली.

तरी वाऱ्याची मर्यादाही ओळखावी लागते. जुलैत बाहेरच २३ ग्रॅम बाष्प असते, तेव्हा खिडक्या उघडून घर त्याहून कोरडे होऊ शकत नाही. पाच माणसांनी आणि शेगडीने वाढवलेले बाष्प तेवढे निघून जाते. पण तेवढ्यानेही बराच फरक पडतो.

७. एसीच्या घरातली बुरशी

एसीची नळी बाहेर ठिबकते ते पाणी खोलीच्या हवेतूनच निघालेले असते. नीट चालणारा एसी खोलीची आर्द्रता बुरशीच्या उंबरठ्याखाली आणतो. मग एसीच्या घरात बुरशी का येते?

एक कारण यंत्राच्या आतच आहे. थंड नळ्या आणि पाण्याची तबकडी कायम ओली राहतात, त्यावर धूळ बसते आणि तिथे बुरशी वाढते. यंत्र सुरू करताच पहिल्या मिनिटाला येणारा कुबट वास तिचाच. यंत्र थांबले की नळ्यांवरचे पाणी पुन्हा खोलीत उडून जाते. दुसरे कारण थंड झालेले पृष्ठभाग. रात्रभर २२ अंशांवर ठेवलेल्या खोलीची खिडकी सकाळी उघडली, तर बाहेरची २५ अंश दवबिंदूची हवा थंड भिंतींवर, गादीवर, कपड्यांवर ओल सोडते.

तिसरा प्रकार सहसा ओळखला जात नाही. एका घरातल्या एसीने सामाईक भिंत थंड होते आणि तिच्या पलीकडच्या, एसी नसलेल्या घरात त्या भिंतीवर बुरशी उठते. भिंतीचा पलीकडचा पृष्ठभाग २७ अंशांवर असला तरी २३ ग्रॅम बाष्पाच्या हवेला तिथे ९० टक्के आर्द्रता लाभते. अशा वेळी गळती शोधण्यासाठी नळ फोडले जातात, पण गळती नसतेच.

८. पाऊस ओसरल्यावर

हवेत बीजाणू सर्वांत जास्त भर पावसात असतील, हा समज अर्धाच खरा आहे. पावसाचे थेंब हवेतले बरेच बीजाणू धुऊन खाली आणतात. काही बुरशी मात्र ओल लागताच आपले बीजाणू जोराने बाहेर फेकतात, त्यामुळे पावसाच्या दिवसांत बाहेरच्या हवेतल्या जातींचे मिश्रण बदलते. घरातल्या ॲस्परजिलस-पेनिसिलियमचे बीजाणू कोरड्या साखळ्यांत असतात आणि हलक्या झुळकीनेही सुटतात. स्टॅकीबॉट्रिस, फ्युजेरियम यांचे बीजाणू चिकट थरात असतात, ओले असताना ते फारसे उडत नाहीत.

ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात हवा कोरडी होते, चार महिने वाढलेले थर वाळतात आणि नेमक्या त्याच वेळी दिवाळीची साफसफाई निघते. पोटमाळा रिकामा होतो, कपाटे सरकतात, गाद्या झटकल्या जातात, भिंती कोरड्या झाडूने झाडल्या जातात. पावसाळाभर एका जागी असलेले बीजाणू एका दुपारी संपूर्ण खोलीच्या हवेत येतात. दम्याचा त्रास असलेल्या व्यक्तीने त्या दिवशी त्या खोलीत थांबू नये. डागांवर झाडू फिरवण्याआधी ते ओल्या फडक्याने पुसून घ्यावेत.

९. हवेतली बुरशी मोजतात कशी?

भारतात या मोजणीचा इतिहास जुना आहे. डी. डी. कनिंगहॅम यांनी कलकत्त्याच्या तुरुंगांतल्या हवेतले कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहून १८७३ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे महाराष्ट्रात औरंगाबादचे डॉ. एस. टी. टिळक यांनी या विषयाचा पाया घातला. त्यांनी तयार केलेले हवा गोळा करणारे यंत्र ‘टिळक एअर सॅम्पलर’ या नावाने ओळखले जाते.

सर्वांत सोपी रीत म्हणजे पोषक जेलीची उघडी बशी ठरावीक वेळ ठेवणे. तिच्यात जड बीजाणू जास्त पडतात, बारीक निसटतात. म्हणून ठरावीक गतीने हवा ओढून जेलीवर आपटवणारी यंत्रे वापरतात. १९५८ मधले अँडरसनचे यंत्र आकारानुसार बीजाणू वेगळेही करते. जेलीवर फक्त जिवंत बीजाणू उगवतात. मेलेल्या बीजाणूंनीही ॲलर्जी होते, त्यामुळे चिकट पट्टीवर गोळा करून सूक्ष्मदर्शकाखाली मोजण्याची पद्धतही लागते.

किती बीजाणू म्हणजे धोका, याचा एक सर्वमान्य आकडा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक पुस्तिकेत अशी मर्यादा न देता ओल रोखण्यावर भर दिला आहे. व्यवहारात आतली आणि बाहेरची मोजणी एकाच वेळी करून ताडून पाहतात. बाहेर क्लॅडोस्पोरियम जास्त आणि आत ॲस्परजिलस किंवा पेनिसिलियम कितीतरी अधिक असेल, तर घरात कुठेतरी वाढ होते आहे.

घरातल्या बुरशीच्या अभ्यासाने एकदा जगाला मोठी देणगी दिली असावी. १९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज इस्पितळात फ्लेमिंगच्या बशीवर पडलेला पेनिसिलियमचा बीजाणू खालच्या मजल्यावरून आला असावा, असे मानले जाते. तिथे ला टूश नावाचे बुरशीतज्ज्ञ दम्याच्या रुग्णांच्या घरांतल्या बुरशींवर काम करत होते.

१०. शरीरावर काय परिणाम होतो?

निरोगी माणूस रोज असंख्य बीजाणू श्वासातून आत घेतो आणि शरीर ते बाहेर टाकते किंवा नष्ट करते. अल्टरनेरियासारखे मोठे बीजाणू नाकातच अडकतात. त्यांनी शिंका, नाक वाहणे, डोळे चुरचुरणे असा त्रास होतो. ॲस्परजिलस फ्युमिगेटसचे २ ते ३ मायक्रॉनचे बीजाणू फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात. दमेकऱ्यांपैकी काहींना त्यांची तीव्र ॲलर्जी होऊन श्वासनलिका हळूहळू खराब होतात. हा आजार क्षयासारखा भासू शकतो, म्हणून योग्य तपासणी महत्त्वाची.

२०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्रात ‘काळ्या बुरशी’चे रुग्ण वाढले आणि भिंतीवरचे काळे डाग पाहून घराघरांत भीती पसरली. तो आजार म्यूकरमायकोसिस होता. रायझोपससारख्या बुरशींपासून तो होतो आणि अनियंत्रित मधुमेह, स्टेरॉइडचा मारा अशा कारणांनी प्रतिकारशक्ती ढासळलेल्या रुग्णांना गाठतो. भिंतीवरचा काळा डाग बहुधा क्लॅडोस्पोरियम किंवा ॲस्परजिलसचा असतो. आजाराच्या नावातले काळेपण मृत, काळवंडलेल्या ऊतींचे असते, बुरशीच्या रंगाशी त्या नावाचा संबंध नाही.

परळला हा विषय वेगळ्याच प्रकारे भिडतो. टाटा मेमोरियल आणि केईएम या रुग्णालयांत रक्ताच्या कर्करोगाचे व इतर दुर्बल प्रतिकारशक्तीचे रुग्ण उपचार घेतात, आणि अवतीभवती गिरण्यांच्या जागांवर, जुन्या चाळींवर पाडकाम-बांधकाम चालू असते. जुनी इमारत पाडताना वर्षानुवर्षे साठलेली धूळ ॲस्परजिलससह हवेत उठते. अशा रुग्णांच्या खोल्यांत म्हणूनच हेपा गाळण्या बसवतात, ज्या ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतात. खोलीतला हवेचा दाबही बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवतात, म्हणजे दार उघडले तरी हवा बाहेर जाते, आत येत नाही. बाहेरून येणाऱ्या मोठ्या संख्येचे कर्करुग्ण परळ-दादरच्या धर्मशाळांत आणि भाड्याच्या खोल्यांत उतरतात. तिथे ही सोय नसते. अशा खोलीत निदान ओलसर भिंत नसावी आणि पाडकामाकडची खिडकी बंद राहावी, एवढे तरी पाहायला हवे.

११. कामांचा क्रम

पाण्याची वाट बंद करणे हे पहिले काम. भिजलेली गादी, गालिचा, कागद २४ ते ४८ तासांत वाळले तर बुरशी सहसा धरत नाही. त्याहून जास्त वेळ ओल राहिली तर वाळवूनही वास जात नाही, अशी गादी टाकून द्यावी. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढून मागे हवा खेळू द्यावी. स्वयंपाक चालू असताना आणि नंतर थोडा वेळ वाफ बाहेर फेकणारा पंखा चालू ठेवावा. कपडे आत वाळवायचेच असतील तर एका खिडकीशी, पंख्याखाली वाळवावेत, झोपायच्या खोलीत नव्हे. एसीच्या जाळ्या आणि पाण्याची तबकडी पावसाळ्याआधी धुवावी आणि तापमान २६ अंशांच्या आसपास ठेवावे.

डाग काढताना तोंडाला मास्क लावून साबणाच्या पाण्याने पुसावे, फडके फेकून द्यावे आणि भिंत पूर्ण वाळल्यावरच रंग द्यावा. ओल्या भिंतीवर दिलेला बुरशीरोधक रंगही टिकत नाही. ब्लीच वापरले तर त्यात संडास धुण्याचे आम्ल कधीही मिसळू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. हाताच्या पंजाहून मोठे डाग दर पावसाळ्यात त्याच जागी परत येत असतील, तर दोष त्या खोलीचा नसून इमारतीच्या गच्चीचा, बाहेरच्या भिंतीचा किंवा सांडपाण्याच्या नळाचा असतो, आणि त्याची दुरुस्ती एका भाडेकरूला एकट्याने करता येत नाही. ती सर्व रहिवाशांनी मिळून, पावसाळा संपताच, भिंती वाळल्यावर हाती घ्यावी लागते.